लहान पिकअपचा टप : हलका, बुटका आणि नटबोल्टचा



2005 साली टाटांची 'एस' गाडी आली आणि लोकांनी तिचं 'छोटा हत्ती' म्हणून बारसं केलं. आज ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीने कारखान्यावर येतो. पण दूध, भाजीपाला, खत, ठिबकच्या नळ्या अशाच लहान पिकअपमधून जातात. पावसाळा आला की उघड्या हौद्यावर टप हवा असं प्रत्येकाला वाटतं. गावातला वेल्डिंगवाला तो करूनही देतो. मात्र टप कसा हवा हे मालकाने आधी ठरवलं पाहिजे.

प्रस्तुत लेखकाने हे स्वतः भोगले आहे. पहिल्या खेपेस सपाट चौकट करून वर ताडपत्री ताणली. हौद्यात युरियाची बारा पोती होती. रात्री ताडपत्रीच्या पोटात पाणी साचलं, दोरी तुटली आणि सगळं पाणी पोत्यांवर! सकाळी निम्म्या मालाचे दगड झाले होते. दुसऱ्या खेपेस चिडून चारही बाजूंनी जाड पत्रा ठोकला, तर गाडी चढाला दम टाकू लागली आणि वळणावर डोलू लागली. तिसऱ्या खेपेस मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब असा.

वजन. समजा हौदा 7 फूट लांब, 5 फूट रुंद आणि टपाची उंची साडेतीन फूट. 25 मि.मी. चौकोनी, 1.6 मि.मी. जाडीच्या लोखंडी पाइपचा सांगाडा करायला सुमारे 84 फूट पाइप लागतो. त्याचं वजन 30 किलो. छत आणि चारही बाजू मिळून 119 चौरस फूट होतात. तिथे 1 मि.मी.चा लोखंडी पत्रा लावला तर आणखी 86 किलो. त्याऐवजी फक्त छताला अर्धा मि.मी.चा गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि बाजूंना गुंडाळता येणारी ताडपत्री लावली, तर दोन्ही मिळून 15 किलो. म्हणजे एक टप 116 किलोचा, दुसरा 45 किलोचा. टपाचं वजन गाडीच्या भारक्षमतेतूनच वजा होतं. हा 71 किलोचा फरक म्हणजे दर फेरीला दीड कॅन दूध घरी ठेवण्यासारखंच आहे.

आकार. छत सपाट ठेवू नये. 35 चौरस फुटांवर नुसतं 1 सेंटिमीटर पाणी साचलं तरी त्याचं ओझं 32 किलो होतं. मधली कमान कडेपेक्षा तीन इंच उंच ठेवावी. टप केबिनच्या फार वर नेऊ नये. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, आणि वजन जितकं वर तितकी गाडी कलंडायची भीती जास्त.

जोडणी. नुसती चौकट ब्रेकच्या धक्क्याने तिरकी होते. म्हणून दोन्ही बाजूंना तिरकी पट्टी द्यावी. त्रिकोण हलत नाही. चौकट काटकोनात आहे का, हे दोन्ही कर्ण दोरीने मोजून पाहावं. सारखे भरले की झालं. टप हौद्याला वेल्ड करू नये. वेल्डिंगने रंग जळतो आणि तिथूनच गंज धरतो. नटबोल्ट, मोठे वॉशर आणि मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. मग उन्हाळ्यात दोघांनी मिळून टप उतरवून ठेवता येतो. पाइपची तोंडं बंद करावीत, रेड ऑक्साइड मारून मगच ऑइलपेंट द्यावा.

कायदा. गाडीच्या रचनेत बदल करण्याविषयी मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये कलम 52 आहे. सबब काम काढण्यापूर्वी कच्चा नकाशा घेऊन आरटीओ कचेरीत विचारावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघात झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं. नंबरप्लेट, मागचे दिवे झाकू नयेत. मागे चकाकणारी पट्टी अवश्य लावावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टप झाला की "पाऊस लागत नाही, बसा आत" म्हणून तोडणीची माणसं, बायका, पोरं हौद्यात बसवली जातात. असं करू नका! ही मालाची गाडी आहे. धडक बसली तर धरायला काही नसतं; शिवाय मागून उघड्या टपात धुराड्याचा विषारी धूर ओढला जातो, आणि बसणाऱ्याला ते कळतही नाही. टप मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, एवढं सभासद बंधू-भगिनींनी ध्यानात ठेवावं, ही विनंती.