जुन्या प्रणालीला नवे विद्यार्थी हवेत

संगणकशास्त्राच्या वर्गात 'जुने' हा शब्द बहुधा तुच्छतेनेच उच्चारला जातो. कालचे यंत्र आज अडगळीत जाते आणि त्याबरोबर त्याची विद्याही संपते, अशी आपली समजूत आहे. 'व्हीएमएस' ही कार्यप्रणाली या समजुतीला अपवाद ठरली आहे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ मध्ये व्हॅक्स-११/७८० या संगणकाबरोबर ती जाहीर केली. ती जननी कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली, २००२ मध्ये कॉम्पॅकही ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. प्रणाली मात्र 'ओपनव्हीएमएस' या नावाने टिकून राहिली. २०१४ मध्ये तिच्या विकासाची जबाबदारी व्हीएमएस सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने स्वीकारली आणि २०२२ मध्ये ती आजच्या सर्वसाधारण प्रोसेसरवरही आणली.

मराठी वाचकास हे नाव परके वाटेल. संबंध मात्र परका नाही. रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले. पुढे मुंबईसह पाच केंद्रांतून चाललेली ही व्यवस्था दीर्घकाळ याच प्रणालीवर उभी होती. खिडकीपुढील रांगेत ताटकळणाऱ्या प्रवाशाला तिचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चोख काम करणाऱ्या कारकुनाप्रमाणे तीही अबोलपणे राबत होती.

अशी प्रणाली आता विद्यापीठातील तरुणांपुढे ठेवावी काय? आमच्या मते ठेवावी. आणि याचे कारण स्मरणरंजन नव्हे. १९८३ मध्ये डिजिटलने अनेक संगणक एकत्र जोडून त्यांना सामायिक फाइली वापरू देणारी 'क्लस्टर' रचना आणली. एक यंत्र बंद पडले तरी उरलेली काम पुढे रेटतात. तसेच, येथे फाइल दुरुस्त करून साठविली की जुनी प्रत पुसली जात नाही. नव्या प्रतीस पुढचा क्रमांक मिळतो. एवढेच नव्हे, तर फाइल नष्ट करताना कोणती प्रत नष्ट करावयाची, हेही स्पष्ट सांगावे लागते. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून यंत्र कसे रचावे, याचा हा वस्तुपाठ आहे. तिच्या मूळ रचनाकारांपैकी डेव्हिड कटलर यांनीच पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटीची उभारणी केली. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याच्या परिचयाच्या खिडकीमागेही हीच परंपरा आहे.

आक्षेप उघड आहे. नोकऱ्या लिनक्सच्या ज्ञानावर मिळतात. गरीब घरातील मुलाने आपली मोलाची वर्षे आडवाटेवर का खर्चावीत? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच हा विषय सक्तीचा नसावा, ऐच्छिक व अल्प मुदतीचा असावा. मोडी लिपी आज कोणी पत्रव्यवहारासाठी शिकत नाही. तथापि ती वाचणारे उरले नाहीत, तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल मुके होतील. जुन्या प्रणालींवर चालणाऱ्या व्यवस्थांचेही तसेच आहे. त्या राखणारी पिढी निवृत्त होत असताना जाणते वारस हवेत. व्यवस्था बदलावयाची ठरली, तरी जुनी वाचता आल्याखेरीज नवी बिनचूक उभारता येत नाही.

परंतु प्रचार करणाऱ्यांनीही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. हौशी अभ्यासकांना विनामूल्य परवाने देण्याची योजना १९९७ पासून होती; जुन्या मालकांनी ती २०२० मध्ये संपविली. नव्या कंपनीने त्याच वर्षी स्वतःची योजना काढली आणि २०२४ मध्ये तिचाही आवाका कमी केला. ज्या विद्येची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, ती विद्या शिकविण्यास शिक्षक कचरणारच. लिनक्स महाविद्यालयांत रुजले, त्यात त्याच्या खुल्या स्वरूपाचा वाटा मोठा होता. यास्तव शिक्षणसंस्थांना दीर्घ मुदतीचा निर्वेध परवाना, सुबोध पाठ्यसामग्री आणि नोकरीच्या संधींविषयी प्रामाणिक माहिती, या तीन गोष्टी प्रथम द्याव्यात.

विद्यार्थी जुन्याला भीत नाही; तो फसवणुकीला भितो. त्याचा विश्वास संपादन केला, तर पन्नाशीकडे झुकलेल्या या प्रणालीलाही वारस मिळतील.