विद्यापीठीय स्टेडियम आणि फुटबॉल : नेरुळचा दाखला

बंगळूरूच्या उत्तरेस देवनहळ्ळी येथे २४ मे २००८ रोजी आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि या तालुक्याचे रूप झपाट्याने पालटू लागले. पुढे या परिसरात खासगी विद्यापीठांची विस्तीर्ण आवारेही उभी राहू लागली. अशा आवारातील मैदान कोणत्या खेळासाठी आणि कोणासाठी आखावे, हा प्रश्न त्यामुळे विचारार्ह ठरतो. त्या दृष्टीने त्याच वर्षी, ४ मार्च २००८ रोजी, नवी मुंबईतील नेरुळ येथे खुल्या झालेल्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमचा इतिहास उद्बोधक आहे.

या स्टेडियमची पार्श्वभूमी महाराष्ट्राच्या शैक्षणिक धोरणात आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. सिडकोने वसवलेल्या नव्या शहरात जमीन उपलब्ध होती. तेथे उभ्या राहिलेल्या पाटील यांच्या संस्थांना २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि त्याच विद्यापीठाच्या आवारात हे स्टेडियम बांधले गेले. संस्थापक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील, म्हणजे तालमी-तालमींतून फुटबॉल जोपासणाऱ्या मुलखातले. स्टेडियमची आखणी मात्र प्राधान्याने क्रिकेटसाठी झाली.

वास्तुविशारद हफीझ काँट्रॅक्टर यांनी प्रेक्षकांच्या दृष्टीआड खांब येऊ नयेत असे छत योजले. सुमारे ५५ हजार आसनांच्या या वास्तूत पहिल्या आयपीएल स्पर्धेचा अंतिम सामना १ जून २००८ रोजी झाला. फुटबॉलचा प्रवेश नंतरचा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा मुंबई सिटी संघाने हे आपले घरचे मैदान मानले. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी त्याने येथे पुण्याच्या संघावर ५-० असा विजय मिळवला. तथापि २०१६ पासून हा संघ अंधेरीच्या लहान मैदानाकडे वळला.

दोन खेळांच्या भूमितीतील भेद येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद अशा आयताचे असते. क्रिकेटचे मैदान जवळजवळ वर्तुळाकार असते. वर्तुळात आयत बसवला की लांब बाजूंच्या प्रेक्षकांपासून खेळ दूर जातो. शिवाय मध्यभागी रूळ फिरवून कठीण केलेली मातीची खेळपट्टी असते. फुटबॉलसाठी ती हिरवळीने झाकावी लागते आणि पुन्हा क्रिकेटसाठी नव्याने घडवावी लागते. म्हणूनच अशा मैदानावर एका खेळाचा हंगाम दुसऱ्याच्या हंगामावर मर्यादा घालतो.

असे असूनही जागतिक फुटबॉलने या मैदानाचा स्वीकार केला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा एक उपांत्य सामना, स्पेन विरुद्ध माली, येथेच झाला. जानेवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकात भारताने इराणशी येथे बरोबरी साधली. परंतु संघात कोविडचा फैलाव झाल्याने पुढचा सामना खेळण्यापुरत्या खेळाडूही उरल्या नाहीत आणि यजमान संघाला स्पर्धेबाहेर पडावे लागले. अंतिम सामना ६ फेब्रुवारीला चीन आणि दक्षिण कोरिया यांच्यात झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही येथेच झाला. भारतीय महिलांना या मैदानावर विश्वविजय लाभला तो २ नोव्हेंबर २०२५ रोजी, पण क्रिकेटमध्ये.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. विद्यापीठाच्या आवारातील स्टेडियमने विद्यापीठाला जगाच्या नकाशावर नेले, तरी त्याचे वेळापत्रक व्यावसायिक लीग आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या गरजांनुसार ठरते. हा दोष कोणा एकाचा नव्हे. एवढ्या मोठ्या वास्तूच्या देखभालीचा खर्च केवळ आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून निघणे शक्य नसते. मात्र विद्यार्थ्यांना खेळण्यासाठी ५५ हजार आसने लागत नाहीत. सपाट हिरवळ, दोन गोलचौकटी आणि रोजची मोकळी संध्याकाळ पुरते. देवनहळ्ळीसारख्या ठिकाणी नव्या आवारांचे नकाशे आखताना भव्य स्टेडियमच्या आधी अशा साध्या मैदानाची जागा राखून ठेवली जावी, हाच नेरुळच्या अनुभवाचा बोध होय.