भरल्या घरातला थकवा (भाग ७) : शेटजींनी कुणाला सांगितलं?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विचार तपासण्याची पद्धत आज घ्यायची असं ठरलं होतं. ती पुढच्या रविवारी घेऊ. धुळ्याहून एक पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. लिहिणारे डाळमिलवाले आहेत, पन्नाशीला टेकलेले. ते विचारतात, "आमचे आजोबा उधारीत बुडाले, पुन्हा उभे राहिले, दहा माणसांचं घर सांभाळलं. त्यांना कधी समुपदेशकाची गरज पडली नाही. मग आमच्याच पिढीला हे काय झालंय?"

त्यांच्या आजोबांचं मला सांगता येणार नाही. पण त्याच काळातला एक फार मोठा व्यापारी धुळ्यातच राहून गेला, तुरुंगात. त्याची गोष्ट मी कितीतरी जणांना सांगत आलोय, तेव्हा आजचा भाग तिलाच देतो.

साल १९३२. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. 'गीता प्रवचने' अशी तयार झाली, हे खानदेशात शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. श्रोत्यांमध्ये जमनालाल बजाज होते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. तेव्हा त्यांचं वय बेचाळीस. वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घराण्यात दत्तक आलेले, कापसाच्या व्यापारात नाव कमावलेले. सरकारने दिलेली रायबहादुरी त्यांनी परत केली होती, काँग्रेसचा खजिना त्यांच्या हाती होता आणि गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. पैसा, मान, मोठं कार्य, सगळंच पदरात पडलेलं. आणि हा माणूस वयाने लहान असलेल्या विनोबांसमोर कैद्यांच्या रांगेत बसून ऐकत होता.

एवढं सगळं असूनही पन्नाशीच्या तोंडाशी त्यांचं मन थाऱ्यावर राहीना. १९३८ च्या ऑगस्टमध्ये राजेंद्रप्रसादांबरोबर ते तिरुवण्णामलैला रमण महर्षींकडे गेले. तिथे त्यांनी विचारलं ते मन ठिकाणावर कसं ठेवावं, हेच. त्या सुमारास गांधीजींना लिहिलेल्या पत्रांत ते स्वतःच्या मनातली घाण, स्वतःवरची नाराजी आणि कुणीतरी आईच्या मायेनं जवळ घ्यावं ही ओढ उघड लिहितात. देशभरातली माणसं ज्यांच्याकडे आधार मागायला येत, ते स्वतः आधार मागत होते, तोही कागदावर, शाईने, सहीनिशी.

या पत्रांकडे पाहिलं की मला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणारी माणसं आठवतात. पारोळा-अमळनेरकडचा एखादा जिनिंगवाला येतो. आल्याआल्या फाईल उघडतो. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, शुगर, बी-ट्वेल्व्ह, सगळं ठीक. मुंबईला दाखवून झालेलं असतं. मोबाईल टेबलावर उताणा, सरकीचा भाव आला की नजर तिकडे. ॲसिडिटी, झोप, पाठ एवढ्यावर अर्धा तास जातो. मग मी विचारतो, "हे घरात कुणाला बोललात?" तो गप्प. खूप वेळाने, इतका वेळ नीट पुस्तकी मराठीत बोलणारा तो माणूस अहिराणीवर येतो : "सम्दं शे भाऊ, पन मन लागत नही."

या एका वाक्यापर्यंत पोचायला त्याला काही वर्षं लागलेली असतात. कारण सांगणार कुणाला? अडत्याला सांगावं तर बाजारात पत जाते. शेटचं मन थाऱ्यावर नाही असं कळलं की वायदे पाळणारे सावध होतात आणि पैसे मागणारे दारात येतात. भावाला सांगावं तर वाटणीचा विषय निघतो. व्याह्याला कळलं तर धाकटीच्या स्थळांवर परिणाम. बायकोला सांगितलं तर तिचीच झोप उडेल, ही काळजी खरी असते. ज्याच्याशी आपला कसलाच व्यवहार नाही असं एकही माणूस त्याच्या आयुष्यात उरलेलं नसतं. समुपदेशकाचा पहिला उपयोग मला इथेच दिसतो. त्याला तुमच्याकडून फीपलीकडे काही नको असतं आणि तुमची गोष्ट त्याने बाहेर नेणं कायद्यानेही चालत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि गोपनीयता हा त्यात रुग्णाचा हक्क आहे.

आता जमनालालांचं पुढचं. १९४१ मध्ये तुरुंगातून ते आजारी होऊन सुटले. डेहराडूनजवळ आनंदमयी माँच्या सहवासात त्यांना बरीच शांती मिळाली. मग गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी गोसेवेचं काम पत्करलं, वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडीत राहू लागले. गोसेवा संघ त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले, वय बावन्न. हे शेवटचे महिने समाधानाचे होते, असं त्यांच्या जवळच्यांनी लिहून ठेवलंय.

इथे वाचक गफलत करतात, म्हणून जरा थांबतो. गोष्ट ऐकली की आमचे शेट लोक म्हणतात, "म्हणजे आता धंदा मुलावर सोपवून गोशाळा काढू." काढा, चांगलंच आहे. पण जमनालालांचा क्रम बघा. गोपुरीची झोपडी शेवटी आली. त्याआधी कित्येक वर्षं ते मनातलं सांगत होते, विचारत होते, लिहीत होते. आपल्याकडे ते सांगणं राहूनच जातं. फार्महाऊस होतं, मंदिराचा जीर्णोद्धार होतो, वारी होते, आणि सहा महिन्यांनी तोच माणूस तीच फाईल घेऊन परत येतो.

अमळनेरचे प्रतापशेठ आठवतात ते याच संदर्भात. कापडगिरणीचा मालक १९१६ मध्ये गावात तत्त्वज्ञान मंदिर उभारतो आणि वेदान्ताचा अभ्यास करायला तरुणांना ठेवून घेतो. साने गुरुजी शाळेत शिक्षक होण्याआधी तिथेच होते. गिरणीबाहेरचे प्रश्न या मालकालाही पडतच असणार. त्यांच्यावर एक अख्खा भाग लिहायचाय, पण आज नाही.

डाळमिलवाल्यांना माझं उत्तर एवढंच की त्या पिढीतही हे होतं. ज्यांना बोलायला कुणी मिळालं त्यांची पत्रं उरली, बाकीच्यांचं कुणी टिपून ठेवलं नाही.

एक गोष्ट निक्षून सांगतो. जीव नकोसा वाटत असेल, तर लेखमाला वाचत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. धुळ्यात हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फिरवा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांना या आठवड्यासाठी एक काम. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला सर्वांत लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. त्यांच्या दवाखान्याच्या चकरा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. तुम्हीही चार दिवस लिहा. रोजमेळाच्या वहीत नको, सुट्या कागदावर. अहिराणीत आलं तर अहिराणीत, लेवा बोलीत आलं तर तसं. वर कुणाचं तरी नाव घाला, वडिलांचं, गेलेल्या मित्राचं, कुणाचंही. शुद्धलेखन पाहू नका. मला पाठवू नका आणि कुणाला दाखवूही नका. लिहिताना फारच जड जायला लागलं तर तिथेच थांबा.

त्यातली 'मी असं करायलाच हवं होतं' या धाटणीची वाक्यं तेवढी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. एलिसला ती लागणार आहेत. आणि मुंबईत बसून एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत त्याची ही पद्धत आपल्याकडे आणणाऱ्या कि. मो. फडक्यांनाही.