पाण्याची हाक

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता कसारा घाट चढून इगतपुरीच्या पुढे आला, की घोटी हे गाव लागते. नाशिक जिल्ह्यातील हे गाव तांदळाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. भोवतालचा मुलूख भाताचा. आणि भाताचा मुलूख म्हणजे पावसाचा मुलूख. आषाढ-श्रावणात मेघ येथे ठाण मांडून बसतात. हे अमाप पाणी वाहून जाऊ नये म्हणून या डोंगराळ भागात ठिकठिकाणी धरणे बांधलेली आहेत. १९१६ साली पुरे झालेले दारणा धरण, वैतरणा, भावली व मुकणे ही धरणे, आणि कळसूबाईच्या शिखरापलीकडे प्रवरा नदीवर १९२६ साली बांधून झालेले भंडारदरा धरण, ही त्यांपैकी काही होत. दिवसा या जलाशयांचे रूप मोठे प्रसन्न दिसते. परंतु दिवस मावळला, डोंगरांच्या सावल्या पाण्यात उतरल्या आणि टिटवी ओरडू लागली, की त्याच पाण्याकडे पाहून मनात भीती दाटते.

ही भीती फार जुनी आहे. "दिवेलागणीनंतर पाण्यावर जाऊ नये," "पाण्याच्या दिशेने कोणी नाव घेऊन हाक मारली, तर ओ देऊ नये," असे महाराष्ट्रातील कितीतरी गावांतून वडीलधारी माणसे मुलांना सांगत आली आहेत. प्रत्येक डोहाची, तळ्याची आणि विहिरीची काही ना काही कथा असते. त्या कथांत कोण कोण वावरते, हे प्रथम पाहू.

पाण्याकाठी सर्वत्र आढळतात त्या साती आसरा. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा' या शब्दावरून आला. नदीच्या, विहिरीच्या किंवा तळ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसले, की ते आसरांचे ठाणे समजावे. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी त्यांची नावे सांगतात. यांतील मत्सी म्हणजे मासळी, कूर्मी म्हणजे कासवी, कर्कटी म्हणजे खेकडी, दर्दुरी म्हणजे बेडकी आणि मकरी म्हणजे मगरी. पाण्यात जे जीव राहतात, त्यांचीच ही दैवते! हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि नारळ वाहून स्त्रिया त्यांची पूजा करतात. आसरा प्रसन्न असल्या तर पाणी आटू देत नाहीत, आणि कोपल्या तर माणसाला आत ओढून नेतात, अशी समजूत आहे.

कोकणात गिऱ्हा नावाचे भूत सांगतात. पाण्यात बुडून मेलेल्या माणसाचा गिऱ्हा होतो, आणि तो वाटसरूला फसवून खोल पाण्यात नेतो, असे म्हणतात. चकवा हा तिसरा. तो माणसाला दिसत नाही, फक्त वाट चुकवतो. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो, तो निघाल्या जागीच उभा!

अशा कथा केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. जपानमध्ये नदीत व तळ्यात राहणाऱ्या 'कप्पा' नावाच्या प्राण्याची गोष्ट मुलांना सांगतात. स्कॉटलंडमध्ये पाण्यातून निघणारा 'केल्पी' नावाचा घोडा पाठीवर बसलेल्या मुलांना घेऊन पाण्यात शिरतो. देश निराळे, भाषा निराळ्या, पण भय एकच. सर्व मानवजातीला एकाच गोष्टीचे भय वाटत असेल, तर त्यामागे काही कारण असलेच पाहिजे. ते कारण शोधण्यासाठी लोकांनी तळ्याकाठी काय पाहिले आणि काय ऐकले, त्याचा विचार केला पाहिजे.

लोकांनी दिवे पाहिले. मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या आरंभी, पाऊस येण्यापूर्वी, भंडारदऱ्याच्या परिसरातील झाडे काजव्यांनी लखलखू लागतात. एका झाडावरील हजारो काजवे एकाच वेळी पेटतात आणि एकाच वेळी विझतात. जो हे प्रथमच पाहील, त्याला झाड श्वास घेत आहे असा भास झाल्यावाचून राहणार नाही. वस्तुतः काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला म्हणजे उष्णतारहित असा थंड प्रकाश बाहेर पडतो. नर काजवा या प्रकाशाने मादीला आपला ठावठिकाणा कळवीत असतो.

दलदलीतही कधीकधी फिकट निळसर उजेड दिसतो. पाण्याच्या तळाशी कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो. १७७६ साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो हे दाखवून दिले. तथापि काडी न लावता तो चमकतो कसा, हा प्रश्न पुष्कळ वर्षे उरला होता. पाण्यातील सूक्ष्म बुडबुड्यांच्या मध्ये अतिशय लहान विजा चमकतात आणि त्यांच्यामुळे मिथेनचा मंद उजेड पडू शकतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०२५ साली प्रयोगाने दाखविले. ज्या दिव्याला लोक भुताची मशाल म्हणत, तो कुजलेल्या पानांचा दिवा ठरला!

लोकांनी पांढऱ्या आकृत्या पाहिल्या. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, पण पाणी दिवसभराची ऊब पुष्कळ वेळ धरून ठेवते. डोंगरउतारावरून घसरत आलेली गार हवा या उबदार पाण्यावर पसरली, की पाण्याची वाफ थंड होऊन तिचे धुके होते. वाऱ्याची झुळूक आली म्हणजे या धुक्याचे लोट उभे राहतात, वाकतात आणि पाण्यावरून चालू लागतात. पांढरे लुगडे नेसलेली बाई पाण्यावरून चालत गेली, असे कोणी सांगितले, तर तो खोटे बोलतो असे म्हणू नये. त्याने जे पाहिले ते खरे. त्याचा त्याने लावलेला अर्थ मात्र चुकला.

लोकांनी हाका ऐकल्या. रात्री पाण्यालगतची हवा थंड असते आणि तिच्यावरची हवा त्या मानाने उबदार असते. अशा वेळी वर जाणारा ध्वनी पुन्हा खाली वाकतो आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत फार दूरवर पोहोचतो. त्यामुळे पलीकडच्या काठावर कोणी आपल्या मुलाला हाक मारली, तर ती अलीकडच्या काठावर अगदी जवळून आल्यासारखी वाटते. वळून पाहावे, तर जवळ कोणी नसते!

आणि चकवा? २००९ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी काही लोकांना अरण्यात व वाळवंटात सरळ चालावयास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते सरळ चालले. तो ढगाआड गेला, की त्यांची वाट वाकडी होऊ लागली. अरण्यात तर ते गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागले, आणि तरीही आपण सरळच चाललो आहोत, असे त्यांना वाटत होते. धुक्याने भरलेल्या काळोख्या रात्री तळ्याकाठच्या वाटसरूचे असेच होत असावे. चकवा वाटेवर नसतो. तो आपल्या पावलांत असतो.

काही जलाशयांची भीती निराळ्या प्रकारची असते. धरण बांधले म्हणजे नदीकाठची शेते, घरे आणि देवळे पाण्याखाली जातात. पुणे जिल्ह्यातील पळसदेवचे प्राचीन देऊळ उजनीच्या जलाशयात असेच बुडाले. पाऊस कमी झालेल्या वर्षी पाणी ओसरले, की त्याचे शिखर आणि दगडी खांब पुन्हा उघडे पडतात. बुडालेल्या देवळाच्या घंटा रात्री वाजतात, अशा कथा जगात अनेक ठिकाणी आहेत. पाण्याखाली घंटा वाजत नसेल. पण ज्यांनी आपले घरदार सोडले, त्यांच्या कानात ती वाजत राहते. अशी कथा ऐकून हसू नये. ती भुताची कथा नसून घर गमावलेल्या माणसांची आठवण असते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उरतो. पाणी माणसाला खरोखर ओढून नेते काय? याचे उत्तर असे, की नेते. परंतु भुताच्या हाताने नव्हे. धरणाच्या पाण्याखाली जुन्या नदीचे पात्र दडलेले असते. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याचे पुढचे पाऊल एकाएकी अथांग खोलीत पडू शकते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले, की काठावर गाळ उरतो. तो वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पण आतून ओला असतो. त्यात पाय रुतला, की जितकी धडपड करावी तितका तो खोल जातो. वर पाणी उबदार आणि खाली गार असते, त्यामुळे पोहणाऱ्याच्या पायात गोळे येतात. पाणवनस्पती व टाकून दिलेली जाळी पायांना विळखा घालतात. ज्याने पाण्याखाली हा विळखा अनुभवला आणि जो कसाबसा वाचून वर आला, त्याने "कोणीतरी माझा पाय धरला" असे सांगितले, तर त्यात नवल ते काय?

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण त्याचे तोंड पाण्यावर येते ते श्वास घेण्यापुरतेच. तो निमूटपणे, पाहता पाहता खाली जातो. त्याला वाचवावयास जो जवळ जाईल, त्याला तो प्राणभयाने घट्ट मिठी मारतो आणि मग दोघेही बुडतात. एकामागून एक दोघे गेले, की गावात कथा निर्माण होते: "पहिल्याने दुसऱ्याला नेले." म्हणून बुडणाऱ्याला पाहताच मुलांनी पाण्यात उडी घेऊ नये. मोठ्याने ओरडून मोठ्या माणसांना बोलवावे, आणि काठावरूनच दोर, लांब काठी, रिकामा बंद डबा किंवा वाळलेला भोपळा त्याच्याकडे टाकावा. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल, तर जाणत्या माणसाने ताबडतोब कृत्रिम श्वास द्यावा, छाती दाबावी आणि त्याला त्वरेने रुग्णालयात न्यावे. अशा वेळी एकेक क्षण मोलाचा असतो. तो अंगारा लावण्यात किंवा मांत्रिकाला बोलावण्यात गेला, तर जो वाचला असता तोही हातचा जातो.

भुतांच्या कथा घातक ठरतात त्या येथे. आजारी किंवा भेदरलेल्या माणसाला "पाण्यावरचे लागले" असे म्हणून बांधून ठेवणे, मारणे, असले क्रूर प्रकार आपल्या समाजात घडत आले आहेत. ते थांबावेत म्हणून महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाचा छळ करणे हा आता गुन्हा आहे.

मग या सर्व जुन्या कथा टाकून द्याव्यात काय? तसे करण्यापूर्वी आफ्रिकेतील एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. कॅमेरून देशात न्योस नावाचे सरोवर एका ज्वालामुखीच्या मुखात साठलेले आहे. तळी उसळतात आणि माणसांचा घास घेतात, अशा कथा त्या भागातील लोक पूर्वीपासून सांगत असत. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री त्या सरोवराच्या तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड वायू एकाएकी उसळून बाहेर पडला आणि दऱ्याखोऱ्यांत पसरला. त्यात सुमारे १७०० माणसे गुदमरून मेली. पुढे शास्त्रज्ञांनी सरोवरात नळ बसवून तो वायू हळूहळू बाहेर सोडण्याची व्यवस्था केली. सह्याद्रीतील ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवाले असल्यामुळे आपल्या जलाशयांना तसले भय नाही. परंतु या हकीकतीतून एक बोध मिळतो. लोककथेत भूत खोटे असले, तरी तिने दिलेली सूचना कधीकधी खरी असते.

घोटीच्या आसपासच्या जलाशयांनाही हाच न्याय लागू आहे. ज्या काळी पाटी नव्हती, पहारेकरी नव्हता आणि वाचता येणारी माणसे थोडी होती, त्या काळी खोल डोहावर आसरांचे सात दगड हीच धोक्याची पाटी होती. गिऱ्हा हाच पहारेकरी होता. आसरांच्या पाण्यात घाण करू नये, या धाकाने पिण्याचे पाणीही स्वच्छ राहत असे. आज आपल्याला गाळ, खोली, धुके आणि ध्वनी यांचे ज्ञान आहे. तेव्हा गिऱ्ह्याला खुशाल रजा द्यावी. मात्र त्याने केलेली राखण आता आपल्या अंगावर आली आहे, हे विसरू नये. पाणी स्वच्छ ठेवणे, पोहणे नीट शिकणे आणि अनोळखी पाण्यात एकट्याने न उतरणे, ही ती राखण होय.

संध्याकाळी तळ्याकाठून जाताना पाण्यावरून हाक ऐकू आली, तर घाबरून पळू नये आणि वेड्या धाडसाने पाण्याकडेही जाऊ नये. क्षणभर थांबून नीट कान द्यावा. बहुधा ती पलीकडच्या काठावरील एखाद्या आईची हाक असते: "रात्र झाली, आता घरी ये." ती हाक ऐकून जो वेळेवर घरी परततो, तोच शहाणा.