काळं मडकं म्हणजे जुनं मडकं?

आफ्रिकेतलं म्हणून विकायला आलेलं मडकं काळंकुळकुळीत दिसलं, की गिऱ्हाईक त्याला शंभर वर्षांचं ठरवून मोकळं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू बायका बिअरसाठी ‘उखांबा’ घडवतात, तो मात्र जन्मापासूनच काळा. एकदा भाजून झाला की धूर कोंडून पुन्हा भाजायचा, मग चरबी चोळून घोटायचा. पूर्वजांना काळोख रुचतो, ही त्यामागची श्रद्धा. वय हवं असेल तर रंगापेक्षा झीज बघावी. टेकून टेकून बूड घासलंय का, हात लागून काठ गुळगुळीत झालाय का, ज्वारीच्या आंबट बिअरने आतला थर खाल्लाय का? झीज सगळीकडे एकसारखी असेल, तर ती बहुधा सँडपेपरची.

ओबडधोबड ते अस्सल, हाही असाच एक समज. ही मडकी चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून होतात हे खरं. पण सराईत हाताची भिंत पातळ आणि सगळीकडे सारखी उतरते.

खरी फसगत होते ती प्रयोगशाळेच्या दाखल्यापाशी. थर्मोल्युमिनेसन्स चाचणी माती शेवटची कधी भाजली तेवढंच सांगते, तेही बऱ्याच मोठ्या फरकाने. नायजेरियातल्या नोक संस्कृतीच्या मृण्मूर्ती दोन हजार वर्षांहून जुन्या. त्यांच्या नकला करणाऱ्यांची युक्ती अशी: जुने तुकडे नव्या मातीत बसवायचे, नमुना नेमका जुन्या तुकड्यातून काढू द्यायचा. दाखला खरा, मूर्ती खोटी! हे सांधे सीटी स्कॅनमध्ये दिसतात. आणि मूर्ती अस्सल निघाली तर लचांड आणखी मोठं. नोक आणि मालीतल्या जेने परिसरातल्या मृण्मूर्ती बेकायदा उकरून विकल्या जातात, म्हणून आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २००० साली त्या धोक्याच्या यादीत घातल्या. मालीतल्या अशा वस्तूंवर अमेरिकेने १९९३ मध्येच आयातबंदी आणली होती. मूळ देशातून मूर्ती रीतसर बाहेर पडल्याचे कागद नसतील, तर हात लावू नये.

जितकं जुनं तितकं महाग, हे गणित तर इथे साफ चुकतं. नायजेरियाच्या कुंभार लादी क्वाली १९८४ मध्ये वारल्या, म्हणजे कालपरवाच्याच. पण त्यांच्या एका घड्याला निनावी जुन्या घागरींपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात. वीस नायराच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. ब्रिटिश कुंभार मायकेल कार्ड्यू यांनी उभारलेल्या अबुजाच्या कुंभारकाम केंद्रात त्या काम करत. सरडे, विंचू, मासे कोरलेले त्यांचे चकाकते घडे त्या काळातले. असा घडा समोर आला तर नक्षीवर भाळण्याआधी ‘एलके’ हा शिक्का आणि त्याच्या जोडीला अबुजाचा शिक्का शोधावा.