कर्करुग्णाची वेदना, झोप आणि परिचर्या

कर्करोगाच्या रुग्णाभोवती दिवसा माणसांची ये-जा असते. बोलण्याचालण्यात वेदनेचा थोडाफार विसर पडतो. रात्री घर निजले म्हणजे मात्र तीच वेदना दुणावल्यासारखी वाटते. वेदनेमुळे झोप येत नाही आणि झोप न मिळाल्यामुळे दुसऱ्या दिवशी वेदना सोसण्याची शक्ती उरत नाही. हे दुष्टचक्र मोडण्यात परिचारिकेचा वाटा फार मोठा आहे.

लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी आधी परिचारिकेचेच शिक्षण घेतले होते. रुग्णाच्या वेदनेत शारीरिक दुःखाबरोबरच भीती, कुटुंबाची चिंता आणि एकाकीपणाही मिसळलेला असतो, हा विचार त्यांनी मांडला. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन या देशातील पहिल्या हॉस्पिसची स्थापना झाली.

वेदनेचे मोजमाप

वेदना कोठे आहे, कशी आहे, कधी वाढते व कशाने कमी होते, हे परिचारिकेने रुग्णालाच विचारावे. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, अशा मापाने तिची नोंद ठेवली जाते. वृद्ध रुग्णाला आकडे समजत नसल्यास “रुपयात किती आणे दुखते?” असे विचारावे, उत्तर चटकन मिळते. रुग्ण कण्हत नाही, म्हणून त्याला वेदना नाही असे समजू नये.

औषध घड्याळाप्रमाणे

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शक्यतो तोंडावाटे आणि ठरलेल्या वेळी औषध द्यावे, हे त्यांतील मुख्य सूत्र होय. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. वेदना उसळण्याची वाट पाहिली, तर ती आटोक्यात आणणे कठीण जाते. वेदनेसाठी योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होतो, ही भीती बव्हंशी निराधार आहे. मात्र त्याने बद्धकोष्ठ होते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सारक औषध प्रारंभापासूनच द्यावे. अति गुंगी आल्यास किंवा श्वास मंदावल्यास डॉक्टरांना तात्काळ कळवावे. झोपेची गोळी परस्पर देऊ नये.

रात्रीची तयारी

निजण्यापूर्वी अंग पुसणे, तोंड स्वच्छ करणे, चादर सारखी करणे आणि दुखऱ्या भागाला उशीचा आधार देणे, ही कामे साधी असली तरी गुणकारी आहेत. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस ठरावीक अंतराने बदलावी. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते. त्या सकाळी घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे. दिवसाची झोप थोडकी असावी. वेदनेमुळे रुग्ण मध्यरात्री जागा होत असेल, तर ती वेळ नोंदवून डॉक्टरांना दाखवावी. त्यावरून रात्रीची मात्रा ठरवता येते. आणि कित्येकदा दहा मिनिटे शेजारी बसून त्याचे बोलणे ऐकून घेतले, तरी त्याचा डोळा लागतो.

गावाचे कर्तव्य

मॉर्फिनवरील कडक निर्बंधांमुळे पूर्वी अनेक रुग्णांना ते मिळत नसे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते उपलब्ध करणे सुकर झाले. ही माहिती अद्याप सर्व घरांपर्यंत पोहोचलेली नाही. गावात असा रुग्ण असल्यास पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीमार्फत त्याच्या कुटुंबाची जिल्हा रुग्णालयाशी गाठ घालून द्यावी. शिक्षकांनी कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हे मुलांना सांगावे. म्हणजे त्या घराचा शेजार तुटणार नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर असलेले निर्बंध पाळणे, हीदेखील रुग्णसेवाच आहे.

रोग बरा होणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. परंतु रुग्णाची रात्र सुसह्य करणे बहुतेक वेळा शक्य असते.