उन्हाचा बंब

मंडळी, आपल्या मराठीत एक मोठी गमतीची गोष्ट आहे. आकाशातून पडते तेही ऊन आणि न्हाणीघरात अंगावर घेतो तेही ऊन पाणी. शब्द एकच. पण त्या उन्हाने हे ऊन करता येईल, हा विचार आपल्या घरात शिरायला फार वर्षे लागली. तोवर परसातला तांब्याचा बंब होता, काटक्या आणि गोवऱ्या होत्या, आणि पहाटे उठून धुराने डोळे चोळणारी घरातली आई किंवा आजी होती.

आज पुण्याच्या पश्चिमेला वाकडला गेलात आणि एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर चढलात, तर चहूकडे काय दिसेल? म्हातोबाच्या ह्या जुन्या गावाच्या शिवारात आता इमारती उभ्या आहेत. पलीकडे हिंजवडीच्या कचेऱ्या, मधून धावणारा मुंबई-बंगळूरचा महामार्ग, आणि गच्च्यागच्च्यांवर दक्षिणेकडे तोंड करून ओळीने मांडलेल्या काचा. ह्याच त्या सौर बंबाच्या काचा. लोक त्याला नुसते 'सोलर' म्हणतात. हा बंब विस्तवाशिवाय पाणी कसा तापवतो, आणि तो कधीकधी दगा का देतो, ते आज आपण नीट समजून घेऊ.

आधी थोडा हिशेब करू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. थंडीत टाकीतले पाणी २० अंशांवर असते असे धरा. ते ६० अंशांवर न्यायचे, म्हणजे ४० अंशांची वाढ. शंभर लिटरला झाल्या ४,००० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे हे काम विजेने केले तर साडेचार युनिटांहून थोडी जास्त वीज खर्च होते, आणि तीही रोज.

हे शंभर लिटर पुरते किती जणांना? साठ अंशांचे दहा लिटर आणि वीस अंशांचे दहा लिटर मिसळा. चाळीस अंशांची वीस लिटरची बादली तयार होते. अंगाला सोसवेल असे हे पाणी. म्हणजे शंभर लिटरात दहा बादल्या. चार-पाच माणसांच्या घराला एवढे भरपूर झाले.

आता ऊन किती मिळते ते पाहू. आपल्याकडे निरभ्र आकाश असताना भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक किलोवॅट एवढ्या जोराने ऊन पडते. दिवसभराची बेरीज साधारण पाच युनिटांच्या घरात जाते. दोन चौरस मीटरची पेटी ठेवली तर तिच्यावर दहा युनिटांएवढे ऊन पडेल. त्यातले निम्मे जरी पाण्यात उतरले, तरी आपले काम झाले! म्हणून शंभर लिटरच्या बंबाला दोन चौरस मीटरची पेटी, म्हणजे एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब, असे माप रूढ झाले आहे.

ही पेटी म्हणजे काही जादू नव्हे. तळाला आणि कडेला उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या लोकरीसारख्या पदार्थाचा थर असतो. त्यावर काळ्या लेपाचा तांब्याचा पत्रा, पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या, आणि वर काच. काळा रंग ऊन पिऊन घेतो. काच उन्हाला आत येऊ देते. पण तापलेल्या पत्र्यातून जी उष्णता परत बाहेर पडू पाहते, तिला ती बरीचशी अडवते. शिवाय वाऱ्यालाही पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. बंद मोटार उन्हात उभी केली की आत भट्टी होते, त्याचे कारणही हेच.

पण आता तुम्ही म्हणाल, नळ्यांतले पाणी तापले, ते टाकीत कोण नेते? पंप कुठे आहे? मंडळी, बहुतेक घरगुती बंबांत पंप नसतोच. पाणीच पाण्याला ढकलते. एक लिटर पाणी २० अंशांवर सुमारे ९९८ ग्रॅम भरते, आणि ६० अंशांवर सुमारे ९८३ ग्रॅम. फरक अवघा पंधरा ग्रॅमचा. पण तेवढ्याने हलके झालेले पाणी नळीतून वर सरकते आणि टाकीच्या वरच्या भागात जाते. टाकीच्या तळाचे गार, जड पाणी खाली उतरून त्याची जागा घेते. ऊन आहे तोवर हा रहाट चालू राहतो. ऊन गेले की आपोआप थांबतो. म्हणूनच टाकी पेटीपेक्षा उंचावर ठेवावी लागते. ती खाली ठेवली तर रात्री रहाट उलटा फिरेल आणि दिवसभराची कमाई आकाशाला परत जाईल.

ही युक्ती माणसाला एका दिवसात सुचली नाही. १७६७ साली स्वित्झर्लंडमधल्या द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने काचेच्या तावदानांची पेटी करून उन्हाची उष्णता कोंडून दाखवली. १८९१ मध्ये अमेरिकेत क्लॅरन्स केम्प याने काचेच्या पेटीत पाण्याच्या टाक्या ठेवून बंब विकायला काढला. दुपारी पाणी तापे, पण रात्री निवून जाई. सकाळच्या आंघोळीला उपयोग नाही! मग १९०९ मध्ये विल्यम बेली याने कॅलिफोर्नियात पेटी आणि टाकी वेगळी केली आणि टाकीला उबदार वेष्टण घातले. आज वाकडच्या गच्चीवर दिसतो त्या बंबाचा सांगाडा तोच आहे. पुढे इस्रायलने तर १९८० साली नव्या घरांवर असे बंब बसवण्याचा कायदाच केला. आपल्या महाराष्ट्रातही २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ठरावीक मोठ्या इमारतींच्या गच्चीवर उन्हाचा उपयोग करून घेण्याची तरतूद आहे. पुण्याजवळ हडपसरला शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा वसवले, तिथेही घरांना असे बंब बसवले गेले.

दुसरी एक तऱ्हा आहे, काचेच्या नळ्यांची. एका नळीत दुसरी नळी, आणि मधली हवा काढून टाकलेली. चहाच्या थर्मासमध्ये असते तीच रचना. हवा नाही, म्हणून उष्णतेला बाहेर जायला फारशी वाट उरत नाही. ह्या नळीच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो पांढराफटक झाला की समजावे, नळीत हवा शिरली. ती बदलून घ्यावी.

येथवर सारे ठीक. पण मग वाकडच्या एखाद्या सोसायटीत गेलात की कानांवर तक्रार येते: "सोलर आहे हो, पण पाणी काही गरम येत नाही!" असे का व्हावे? बंब खोटा आहे का? बहुतेक वेळा बंब खरा असतो; त्याच्याभोवतीची व्यवस्था चुकलेली असते.

पहिली गोष्ट पाण्याची. गरम पाणी टाकीच्या माथ्याजवळून बाहेर पडते, आणि त्याला बाहेर ढकलते ते तळातून शिरणारे गार पाणी. वरची गार पाण्याची टाकी रिकामी असेल, तर सौर टाकीत शंभर लिटर ऊन पाणी असूनही नळ कोरडाच राहील. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी देण्याची पद्धत सुरू झाली. टँकर आणि बोअर यांवर विसंबणाऱ्या इमारतीही ह्या भागात पुष्कळ. अशा ठिकाणी सौर बंबासाठी गार पाण्याचा वेगळा साठा राखणे ही पहिली गरज आहे.

दुसरी गोष्ट नळांच्या लांबीची. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत ३० मीटर नळ असेल आणि त्याचे आतले तोंड २५ मिलिमीटरचे असेल, तर त्या नळात जवळजवळ १५ लिटर पाणी मावते. रात्रभरात ते निवून जाते. सकाळी खालच्या मजल्यावरचा माणूस नळ सोडतो आणि एवढे गार पाणी मोरीत वाहू देतो. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात घालावा. अशी दहा घरांत दहा नळांची कथा झाली, तर रोज दीडशे लिटर पाणी गटारात! म्हणजे वीज वाचवताना आपण पाणी घालवतो. ज्या गावात पाणी विकत घ्यावे लागते, तिथे ही बचत कसली? ह्यावर उपाय आहेत. गरम पाण्याच्या नळाला वेष्टण घालावे. घरोघरी स्वतंत्र नळ न टाकता एकच उभा नळ ठेवून, सकाळी थोडा वेळ लहान पंपाने त्यातले पाणी गच्चीकडे परत फिरवावे. आणि तोवर गार येणारे पाणी बादलीत धरून भांड्यांना, कपड्यांना वापरावे. शेवटचा उपाय तर फुकटचा आहे.

तिसरी गोष्ट क्षारांची. बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते तापले की त्यातला चुना वेगळा होऊन नळ्यांच्या आत पांढरे पुट धरतो. घरच्या पातेल्याला धरतो तसेच. तांब्याच्या बारीक नळ्या त्याने बुजत जातात आणि पाण्याचा रहाट मंदावतो. अशा पाण्याला काचेच्या रुंद नळ्यांचा बंब अधिक सोसतो. तांब्याच्या नळ्या असतील तर जाणकाराकडून त्या वेळोवेळी आतून साफ करून घ्याव्यात.

चौथी गोष्ट सावलीची. वाकड सुमारे साडेअठरा अक्षांशांवर आहे. मेच्या मध्यावर इथे सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो. पण डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास एक मीटरची काठी जमिनीत उभी रोवली, तर सावली सुमारे ९० सेंटिमीटरची पडेल. पाणी तापायला हवे ते थंडीतच. म्हणून पेटी दक्षिणेकडे तोंड करून साधारण ३० अंश तिरपी ठेवतात. आता दक्षिणेला शेजाऱ्याने चार मजले चढवले, तर तुमच्या बंबाचे काय होईल, ते सांगायला नको. बंब बसवण्याआधी डिसेंबराची सावली ध्यानात घ्या.

आता सांभाळण्याच्या दोन-चार गोष्टी. वाकडसारख्या बांधकामाच्या गावात काचेवर धूळ फार बसते. पंधरा दिवसांतून एकदा ती पुसावी. पण पहाटे किंवा संध्याकाळी, भर उन्हात नव्हे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकण्याचा धोका असतो. त्याच कारणाने, काचेच्या नळ्या कोरड्या पडून उन्हात तापल्या असतील तर दुपारी त्यांत पाणी सोडू नये, संध्याकाळपर्यंत थांबावे. पावसाळ्यात ढग असतात, तेव्हासाठी टाकीत विजेची कांडी बसवलेली असते. ती गरजेपुरतीच लावावी. बटण कायम चालू राहिले, तर बंब उन्हाचा आणि बिल विजेचे, अशी गत होते. आणि घरात लहान मूल असेल तर विशेष जपावे. उन्हाळ्यात हे पाणी ६० अंशांच्याही वर जाते, आणि एवढे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे मुलांना खर्चाशिवाय दाखवता येते. सारखे दोन पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून काजळी फासा, दुसरा चकचकीत ठेवा. दोन्हींत एक-एक लिटर पाणी घालून उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने तापमान लिहून घ्या. मग काळा डबा काच झाकलेल्या खोक्यात ठेवून पुन्हा पाहा. पाण्याचा रहाट दाखवायचा असेल तर लहानशा बाटलीत शाई घातलेले गरम पाणी भरा आणि ती गार पाण्याच्या काचेच्या भांड्यात तळाशी उभी सोडा. रंगीत पाणी धुरासारखे वर चढताना दिसेल. एवढे पाहिलेले मूल पुढे गच्चीवरच्या बंबाकडे नुसते बघणार नाही. टाकी वर का आहे, ते घरच्यांना सांगेल.

मंडळी, जुना बंब रोज सकाळी आपली खबर घ्यायला लावी. काटक्या घाला, राख काढा, पाणी ओता. नवा बंब काही मागत नाही, आणि म्हणूनच आपण त्याला विसरतो. धूळ साचते, नळी बुजते, आणि मग आपण म्हणतो, ह्यात काही अर्थ नाही. सूर्य आपले काम रोज करतो. काच पुसणे, टाकी भरलेली ठेवणे आणि नळातले गार पाणी बादलीत धरणे, एवढे काम आपल्याकडे आहे. ते केले, तर आकाशातले ऊन सकाळी न्हाणीघरात ऊन होऊनच येईल.